कार्डात भरलेल्या गाड्या

एरंडोलच्या जुन्या धंद्यांवर लिहायचं म्हटलं की लोक कागदापासून सुरुवात करतात. इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरमध्ये आमचं गाव जाड्याभरड्या देशी कागदासाठी नावाजलेलं म्हणून नोंदलं आहे, आणि तो धंदा तेव्हाच उतरणीला लागल्याचंही तिथे लिहिलं आहे. पांडववाडा, अंजनी नदी, भीमाने बकासुराला मारलं ती एकचक्रानगरी म्हणजे हेच गाव ही पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी कथा, जवळचं पद्मालय, या सगळ्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. ज्या धंद्यात माझी उमेदीची वर्षं गेली त्याच्याबद्दल मात्र चार ओळीही कुणी लिहिलेल्या मी पाहिल्या नाहीत. तो धंदा मेमरी कार्ड भरून देण्याचा. आमच्याकडे तो 2007 च्या सुमारास सुरू झाला आणि 2016 सरता सरता आटोपला. त्याची ना पावती असायची, ना वही.

कार्डात सगळंच भरलं जायचं. हिंदी गाणी, अहिराणी गाणी, वरातीचे डीजे, मालेगावात बनणाऱ्या खानदेशी कॉमेडीचे तुकडे, गणपतीचे आणि सप्तशृंगीचे वॉलपेपर. त्यांची आठवण काढणारे अजून आहेत. मला गेमबद्दल लिहायचं आहे, आणि त्यातही गाड्यांच्या शर्यतीच्या गेमबद्दल. आमच्या काउंटरवर पोरं सगळ्यांत जास्त तेच मागायची आणि सगळ्यांत जास्त डोकंही त्यांनाच लागायचं. ते गेम फ्रान्समध्ये बनोत की स्वीडनमध्ये, एरंडोलच्या पोरांनी त्यातले कोणते खेळले हे काउंटरमागच्या माणसाने ठरवलं. पुस्तकाच्या जगात ज्याला प्रकाशक म्हणतात ते काम आमच्या गावात त्याने केलं, आणि त्याची नोंद कुठेतरी व्हावी असं मला मनापासून वाटतं.

आमच्या भागात मोबाइल खऱ्या अर्थाने आले ते 2003 नंतर. त्या वर्षी मे महिन्यात येणाऱ्या कॉलचे पैसे लागणं थांबलं, पावसाळ्यात रिलायन्सने 501 रुपये भरून हँडसेट द्यायला सुरुवात केली, आणि त्याच वर्षी नोकिया 1100 आला. 1100 आमच्याकडे टॉर्चसाठी घेतला गेला. पुढची काही वर्षं महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात बारा-बारा तास भारनियमन होतं, रात्री विहिरीवर मोटर चालू करायला जावं लागायचं, आणि 1100 चा उजेड पायापुरता पुरायचा. त्यात साप फळं खायचा तो गेम होता. कंपनीने दिला तेवढाच, तसाच. बाहेरून त्यात काही घालता येत नसे.

बाहेरून घालण्याची सोय जावाने केली. अमेरिकेतल्या सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने 1999 मध्ये जावा या प्रोग्रॅमिंग भाषेची लहान यंत्रांसाठी आटोपशीर आवृत्ती जाहीर केली. 2001 च्या जानेवारीत जपानमध्ये एनटीटी डोकोमोने जावा चालणारे फोन विकायला काढले, 2002 मध्ये नोकिया 3410 मध्येही जावा आलं. कल्पना अशी की एकदा लिहिलेला प्रोग्रॅम कुठल्याही कंपनीच्या फोनवर चालावा. प्रोग्रॅम, चित्रं, आवाज असं सगळं एका जार फाइलमध्ये बांधलेलं असे. सुरुवातीच्या नोकिया फोनमध्ये ती फाइल 64 केबीच्या आत बसवावी लागायची. पाच एमबीचं एक गाणं ज्या जागेत मावतं तिथे असे सत्तर-ऐंशी गेम बसतील. तेवढ्यात रस्ता, गाड्या, झाडं, घड्याळ आणि इंजिनाचा आवाज बसवणाऱ्या माणसांबद्दल मला तेव्हाही आदर होता आणि आजही आहे.

2007 मध्ये मामाने एरंडोलात मोबाइलचं दुकान टाकलं. त्याआधी तिथे घड्याळदुरुस्ती चालायची, त्यामुळे काचेचा काउंटर आणि बारीक स्क्रू-ड्रायव्हर आयतेच होते. मी बारावी होऊन घरी बसलो होतो. मामाने बोलावून घेतलं. मामा रिपेअरिंग बघायचा: डिस्प्ले, रिबीन, माइक, सॉफ्टवेअर मारणं, म्हणजे फोन पुसून ते नव्याने भरणं. माझ्याकडे रिचार्ज आणि कॉम्प्युटर. जुना पेंटियम फोर, त्यावर विंडोज एक्सपी, एक कार्ड रीडर, डेटा केबलचा गुंता आणि एक इन्व्हर्टर. इन्व्हर्टरमुळे दुकानाला वेगळीच वर्दळ असायची. लाइट गेली की लोक फोन चार्जिंगला आणून ठेवायचे, बारीक पिनवाले एका बाजूला, मोठ्या पिनवाले दुसऱ्या बाजूला, आणि चार्ज होईपर्यंत काउंटरला टेकून उभे राहायचे. कार्ड भरायचा धंदा त्या उभं राहण्यातून वाढला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नोकियाने बीएल-5सी बॅटरीबद्दल जगभर सूचना काढली. मात्सुशिता कंपनीने ठरावीक काळात बनवलेल्या 4 कोटी 60 लाख बॅटऱ्या चार्जिंगला लावल्यावर तापू शकतात, नंबर तपासून बदलून घ्या, अशी ती सूचना होती. टीव्हीवर बातमी आल्यावर कासोद्यापासून माणसं बॅटरी काढून हातात घेऊन आली. मामा भिंग लावून नंबर वाचायचा. मी पहिल्यांदा इतके फोन एका दिवशी पाठीमागून उघडे बघितले, आणि त्यातल्या कितीतरी फोनच्या बॅटरीशेजारी मेमरी कार्डाची खाच होती. बहुतेकांचं ते घर रिकामं होतं. पुढच्या बाजाराच्या दिवशी मामाने जळगावहून 1 जीबीची कार्डं आणली.

जळगाव म्हणजे गोलाणी मार्केट. खानदेशातल्या मोबाइलवाल्यांचं ते माहेर. कव्हर, कीपॅड, बॅटऱ्या, बॉडी, सगळं तिथून यायचं आणि गेमही तिथूनच. एसटीने जायचं, माल घ्यायचा, आणि निघताना ओळखीच्या गाळ्यात पेन ड्राइव्ह लावून नवं काय आलं ते उतरवून घ्यायचं. त्या गाळेवाल्याकडे ते मुंबईहून, सुरतहून, इंदूरहून आलेलं असायचं. नंतर दुकानात बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं आणि मी स्वतः उतरवू लागलो. पण गोलाणीतून आणलेल्या गेमला गिऱ्हाइकाच्या नजरेत वेगळं वजन होतं, कारण तो कुणीतरी चालवून पाहिलेला असायचा.

एकदा लिहिलेला प्रोग्रॅम सगळीकडे चालेल ही जावाची कल्पना कागदावर खरी होती. काउंटरवर ती स्क्रीनच्या मापाशी अडायची. नोकिया 3100 ची स्क्रीन 128 बाय 128 ठिपक्यांची. 3110 क्लासिक आणि पुढे 2690 ची 128 बाय 160. सिंबियनवाल्या 6600 आणि एन70 ची 176 बाय 208. सोनी एरिक्सनच्या के750 आणि डब्ल्यू810 ची 176 बाय 220. 6233, 6300, 5130, 2700 क्लासिक यांची 240 बाय 320. एक्स2-01 आला तेव्हा स्क्रीन आडवी झाली, 320 बाय 240. गेम बनवणाऱ्या कंपन्यांना एकच गेम अशा डझनभर मापांत पुन्हा बांधावा लागायचा. लहान मापात नुसती चित्रं लहान नसत, काही शर्यती आणि काही गाड्याही गाळलेल्या असत. चुकीच्या मापाचा गेम टाकला तर एकतर पडद्याचा निम्मा भाग काळा राहायचा, नाहीतर रस्त्याचा उजवा काठ पडद्याबाहेर जायचा आणि उजव्या वळणावर पोरगा आंधळा व्हायचा.

म्हणून मी मापाप्रमाणे फोल्डर केले. हे काम सांगायला सोपं आहे, पण आलेल्या फाइलवर माप लिहिलेलं असेल याचा भरवसा नसे. नाव असायचं ‘रेस_न्यू_फायनल’. जार फाइल म्हणजे मुळात झिपच. शेवटचं नाव बदलून ती उघडायची, आतली चित्रं बघायची, सुरुवातीच्या चित्राची रुंदी मोजायची आणि मग तिला तिच्या फोल्डरमध्ये टाकायची. आत मॅनिफेस्ट नावाची छोटी मजकुराची फाइल असे. तिच्यातली एक ओळ बदलली की फोनवर दिसणारं गेमचं नाव बदलायचं. कितीतरी गेम रशियन लिपीतला मेन्यू घेऊन आले. काही चिनी. त्यांचा मेन्यू मला मराठीत करता आला नाही, पण बाहेरचं नाव निदान वाचता येईल असं केलं. पोरांना आतल्या लिपीची काहीच अडचण नव्हती. तिसरी ओळ, मग पहिली, मग मधलं बटण, हे ती एकमेकांना तोंडी सांगायची. रशियन अक्षरांतून रस्ता काढून सुरुवातीच्या दिव्यापर्यंत पोचणारी सातवीतली पोरं मी पाहिली आहेत.

गिऱ्हाईक आलं की आधी हँडसेट बघायचा, मग फोल्डर उघडायचा. नंतर नंतर पोरंच माप सांगू लागली. ‘भाऊ, हाऊ गेम दोनशेचाळीसमा शे का? मना मोबाइलमा बी तोच टाकी द्या.’ आमच्याकडे दहा रुपयांत निवडक गेम आणि वीसमध्ये पूर्ण कार्ड असा भाव होता. गेल्या वेळी भरलेलं पुसून नवं भरायला लोक पंधरवड्याने यायचे. कापसाचे पैसे हातात आले की गर्दी वाढायची, दिवाळीत नवे हँडसेट निघाले की काउंटरला उभं राहायला जागा नसे.

आता गेमबद्दल. दोन गेमनी आमचं गाव व्यापलं होतं: ग्रॅव्हिटी डिफाइड आणि अ‍ॅस्फाल्ट.

ग्रॅव्हिटी डिफाइड स्वीडनच्या कोडब्रू सॉफ्टवेअरने 2004 मध्ये काढला. त्याला आमच्याकडे कुणीही नावाने ओळखलं नाही, तो ‘बाइकवाला’. पांढऱ्या पडद्यावर हिरव्या रेघेचे डोंगर-दऱ्या, काही रेघांची मोटरसायकल आणि तिच्यावर तोल सांभाळणारा माणूस. पाठीमागे देखावा नाही, समोर स्पर्धक नाही, कानावर संगीत नाही. तरी त्याच्याइतका खरा वाटणारा गेम मी दुसरा पाहिला नाही. चढावर अ‍ॅक्सिलेटर जास्त पिळला की पुढचं चाक उचलतं, उतारावर ब्रेक मारला की माणूस हँडलवरून पुढे जातो, हवेत असताना अंग पुढे-मागे करून चाकं जमिनीला समांतर आणावी लागतात. 2 ने पुढे, 8 ने ब्रेक, 4 आणि 6 ने तोल. सोप्या, मध्यम आणि अवघड अशा तीन गटांत दहा-दहा रस्ते, आणि 100 सीसीपासून वर चढत जाणाऱ्या बाइक. खानदेशात तेव्हा घरोघरी 100 सीसीची मोटरसायकल येत होती. दुधाचे कॅन लावलेली गाडी खडकाळ शिवाररस्त्याने चालवणाऱ्या माणसाला या गेममधला तोल शिकवावा लागत नसे. पोरांपेक्षा मोठी माणसं त्यात पटकन तरबेज झाली, हे मी स्वतः पाहिलं आहे. लहानातल्या लहान स्क्रीनवरही तो तसाच चालायचा, आणि माझ्या मते तो गावभर पसरला याचं निम्मं कारण तेच.

अ‍ॅस्फाल्टची गोष्ट वेगळी. गेमलॉफ्ट ही मुळातली फ्रेंच कंपनी, 1999 ची. तिने अ‍ॅस्फाल्ट अर्बन जीटी 2004 मध्ये आणला, मग त्याचा दुसरा भाग, 2007 च्या आसपास अ‍ॅस्फाल्ट 3, 2008 मध्ये 4, मग 5, 2010 मध्ये 6. लॅम्बोर्गिनी, फेरारी अशा खऱ्या कंपन्यांच्या गाड्या. मागे पोलीस. नायट्रो, म्हणजे जादा वेगाचा झटका, मारला की पडद्याच्या कडा धावू लागायच्या. दुबई आणि पॅरिस ही शहरं आमच्या पोरांनी आधी तिथे पाहिली. बहुतेक फोनमध्ये त्या गेमची खरी त्रिमिती चालवण्याची ताकद नव्हती. रस्ता आडव्या पट्ट्यांनी काढलेला असायचा, खाली रुंद आणि वर निमुळता. वळण आलं की पट्ट्या थोड्या थोड्या सरकायच्या आणि डोळ्याला रस्ता वळल्याचा भास व्हायचा. समोरची गाडी म्हणजे एकाच गाडीची लहानापासून मोठ्यापर्यंत काढून ठेवलेली चित्रं, अंतराप्रमाणे बदलणारी. ज्यांच्यात त्रिमितीची सोय होती, त्या सोनी एरिक्सनवर आणि नंतरच्या नोकियांवर तोच गेम वेगळा दिसायचा, आणि असा हँडसेट असलेला पोरगा आला की बाकीचे त्याच्या खांद्यावरून वाकून बघायचे.

या गेममध्ये गाडी आपोआप पळते. तुम्ही फक्त 4 आणि 6 ने वळवायची आणि 5 ने नायट्रो मारायचा. नव्या लोकांना हा बाळबोधपणा वाटतो, पण त्यामागे कारण होतं. त्या काळच्या पुष्कळ फोनचा कीपॅड एका वेळी एकच बटण ओळखायचा. अ‍ॅक्सिलेटर दाबून धरला असता तर वळवता आलं नसतं. म्हणून बनवणाऱ्यांनी अ‍ॅक्सिलेटरच काढून टाकला आणि सगळं कौशल्य वळणाच्या क्षणावर आणलं. 4 दाबून धरायचं नाही, टिचकीसारखं दोनदा मारायचं, म्हणजे गाडी काठ न घासता आत राहते. मधल्या बारीक फटीत 5 मारून पुन्हा 4 वर यायचं. अंगठ्याची ही सवय सांगून येत नसे. दुसऱ्याच्या अंगठ्याकडे बघत बसावं लागायचं.

कीपॅड बदलायला आलेल्या फोनवर हे सगळं उमटलेलं असायचं. बाकीचे आकडे शाबूत, आणि 4, 5, 6 पुसून गेलेले. बाइकवाला खेळणाऱ्याचे 2 आणि 8 गेलेले. रबराखाली प्रत्येक बटणाची धातूची छोटी टिकली असते, ती दाबून दाबून बसली की बटण लागत नाही. मामा नुसती तेवढी टिकली बदलून द्यायचा. फोन वडिलांच्या नावावर असला तरी कीपॅड बघून घरात तो रात्री कुणाच्या हातात असतो ते मामाला कळायचं. वडिलांना त्याने कधी ते सांगितलं नाही.

दोन फोन जोडून शर्यत लावण्याची सोय काही गेममध्ये होती, पण आमच्याकडे ती कुणी फारशी वापरली नाही. शर्यत व्हायची ती एकाच फोनवर, पाळीपाळीने, आणि वेळेची. ज्याची वेळ कमी तो पुढे. फोनमध्ये वेळ साठवलेली असायची, पण ती साठवण त्या गेमच्या पोटात असे; गेम काढला की वेळ गेली, सॉफ्टवेअर मारलं की वेळ गेली, फोन विकला की वेळ गेली. आणि दुकानात हे तिन्ही प्रकार रोज व्हायचे. यावर पोरांनीच उपाय काढला. काउंटरमागे कालनिर्णय टांगलेलं होतं, त्याच्या समासात मी वेळा लिहू लागलो: गेम, रस्ता, स्क्रीनचं माप, वेळ आणि नावाचं पहिलं अक्षर. माप लिहिणं महत्त्वाचं होतं, कारण लहान स्क्रीनवर समोरून येणारी गाडी उशिरा दिसते. 128 मधली वेळ आणि 240 मधली वेळ एका रांगेत लावणं अन्यायाचं झालं असतं. हा नियम गावातल्या पोरांनी वादावादी करून ठरवला आणि सगळ्यांनी पाळला. महिना संपला की पान उलटायचं. जुनी पानं मामा वस्तू बांधायला वापरायचा, त्यातली थोडी मी काढून ठेवली. शर्यतींच्या या इतिहासाचे कागद म्हणायचे तर तेवढेच.

समासात एक अक्षर असं होतं की त्याचा मालक दुकानात कधी आला नाही. ती माझी धाकटी बहीण. दुकानात मुली गेम भरायला येत नसत. कव्हर आणि रिचार्जला यायच्या, तेही आईबरोबर. पण पुष्कळ पोरं यादी घेऊन यायची आणि त्या यादीतलं अक्षर त्यांचं नसायचं. ‘ताईने सांगितलंय, बाइकवालाच पाहिजे.’ माझी बहीण जेवणं आटोपल्यावर बाबांचा 3110 घ्यायची, आवाज बंद करायची आणि भारनियमनाच्या अंधारात अवघड गटातले रस्ते पार करायची. सकाळी मला वेळ सांगायची आणि मी ती लिहायचो. दुकानातल्या पोरांना ते अक्षर कुणाचं ते माहीत होतं, आणि बराच काळ ते कुणाला मागे टाकता आलं नाही. या खेळाबद्दल बोलताना लोक ‘आम्ही पोरं’ म्हणतात. त्यात या मुली नसल्या तर ती हकिगत अर्धीच राहते.

आमच्या गावाला लागून सुरत-नागपूर महामार्ग जातो, जुना क्रमांक 6, आताचा 53. केळीचे, कापसाचे, सिमेंटचे ट्रक रात्रंदिवस. अ‍ॅस्फाल्टमध्ये समोरच्या गाडीला धडकलं की दोन-तीन सेकंद जातात आणि गाडी पुन्हा रस्त्यावर उभी राहते. आमच्या महामार्गावर तसं होत नाही. फागणे ते तरसोद या पट्ट्याचं चौपदरीकरण वर्षानुवर्षं रखडलं, आणि त्या काळात आमच्या भागात असं घर क्वचितच राहिलं असेल की ज्यातलं किंवा ज्याच्या नात्यातलं कुणी त्या रस्त्यावर गेलं नाही. काउंटरवर ज्याची वेळ सगळ्यांत चांगली होती असा एक मुलगाही त्या रस्त्यावर गेला. गेम खेळून पोरं गाड्या जोरात चालवतात असं तेव्हा गावात बोललं गेलं. मला ते पटलं नाही. तो सायकलवर होता आणि आपल्या बाजूने चालला होता.

पैशाबद्दल सांगायलाच हवं. आम्ही भरून दिलेल्या एकाही गेमचे पैसे तो बनवणाऱ्याला मिळाले नाहीत. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात हे बसत नव्हतं. विकत घेण्याचा रस्ता होता: सिमकार्डाच्या कंपनीच्या पोर्टलवरून, बॅलन्समधून पैसे कापून. पण तेवढ्या पैशांत घराचं पंधरा दिवसांचं बोलणं व्हायचं, जीपीआरएसवर उतरवताना मध्येच नेटवर्क गेलं तर पैसे गेलेले असायचे, आणि आपल्या स्क्रीनला तो बसेल का हे सांगायला समोर कुणी नसे. मुंबईत 1999 मध्ये विशाल गोंडल यांनी काढलेली इंडियागेम्स मोबाइलसाठी गेम बनवत होती, पुढे ती यूटीव्हीकडे आणि मग डिस्नेकडे गेली. गेमलॉफ्टचा स्टुडिओ हैदराबादलाही होता. म्हणजे हे गेम बनवण्यात आपल्याकडची माणसंही होती, आणि 64 केबीत रस्ता बसवणाऱ्या त्या हातांना आमच्या दहा रुपयांतलं काही पोचायला हवं होतं असं मला वाटतं. तसा मार्ग कुणी एरंडोलपर्यंत आणला नाही. तो आला असता तर आमच्या काउंटरवरूनच गेला असता, कारण गिऱ्हाईक, त्याचा हँडसेट आणि त्याची आवड हे तिन्ही एका जागी फक्त काउंटरवालाच ओळखत होता.

मधल्या काळात चिनी हँडसेट आले. दोन सिम, चार स्पीकर, मंदिराच्या घंटेएवढा आवाज, आणि जावा असलं तर असलं, नसलं तर नाही. माझे फोल्डर तिथे निकामी व्हायचे. कधी गेम चालायचा पण गाडी दुप्पट वेगाने पळायची. 2009 च्या डिसेंबरपासून आयएमईआय हा ओळख क्रमांक नसलेल्या फोनचं नेटवर्क सरकारने बंद करायला लावलं आणि एका रात्रीत कितीतरी हँडसेट मुके झाले. पण गेम चालत होते! सिम नसलेले ते फोन घरातल्या लहान पोरांकडे गेले, आणि एरंडोलमधली एक अख्खी तुकडी अशी आहे जिचा पहिला स्वतःचा फोन हा कॉल न लागणारा, फक्त गाड्या पळवणारा फोन होता. त्या वर्षी कार्डाचा धंदा कमी होईल अशी भीती होती. तो वाढला.

उतार लागला तो टचस्क्रीनमुळे. 2011-12 पासून सात-आठ हजारांत अँड्रॉइड मिळू लागले आणि ज्या पोरांनी आधी घेतले त्यांना कार्ड रीडरची गरज उरली नाही. श्रीपेरुंबुदुरचा नोकियाचा कारखाना, जिथे आमच्या काउंटरवरच्या कितीतरी फोनचा जन्म झाला होता, 2014 च्या नोव्हेंबरमध्ये बंद पडला. साध्या बटणांचे नवे नोकिया येत राहिले, पण त्यांत जावा नव्हतं. लोक सवयीने कार्ड घेऊन यायचे आणि मला नाही म्हणावं लागायचं. 2016 च्या सप्टेंबरमध्ये जिओ आलं. दिवाळीनंतर कार्ड भरायला क्वचितच कुणी आलं. 2017 चा जिओफोन बटणांचा होता, दिसायला अगदी आपला, पण त्यातही जार फाइल चालत नव्हती.

मामाने दुकान आवरतं घेतलं. मी आता ऑनलाइन फॉर्म भरून देतो, पीकविम्याचे, शिष्यवृत्तीचे. पण तो कॉम्प्युटर बदलताना मी हार्ड डिस्क काढून घेतली आणि फोल्डर जसेच्या तसे जपले. आता अँड्रॉइडवर जे2एमई लोडर नावाचं मोफत अ‍ॅप मिळतं, त्यात जुनी जार फाइल घातली की चालते. अ‍ॅस्फाल्ट 4 मी त्यात लावून पाहिला. रस्ता तोच, आवाज तोच. पडद्यावर काढलेली बटणं मात्र अंगठ्याला लागत नाहीत. 4 वरून 5 वर जाताना बटणाची कड बोटाला कळायची ती काचेवर कळत नाही. ब्लूटूथचा छोटा कीबोर्ड जोडल्यावर थोडं जमलं. बहीण सुट्टीत आली होती. तिने बाइकवाला मागितला, आणि अवघड गटातला रस्ता पहिल्या झटक्यात पार केला.

128 बाय 128 चं माझं फोल्डर अपुरं आहे. त्या मापाचे फोन आमच्याकडे सगळ्यांत आधी आले आणि सगळ्यांत आधी भंगारात गेले, त्यामुळे अ‍ॅस्फाल्टची त्या मापाची फाइल माझ्याकडे नाही आणि गोलाणीतल्या जुन्या गाळेवाल्याकडेही उरली नाही. पारोळा, धरणगाव, अमळनेर, चोपडा, कुठेही कुणाच्या दुकानात तेव्हाचा कॉम्प्युटर माळ्यावर पडला असेल तर तो भंगारवाल्याला देण्याआधी डिस्क काढून ठेवावी. आणि कुणाकडे जुनं 1 जीबीचं कार्ड सापडलं तर ते नव्या फोनमध्ये घालू नये; फॉरमॅट करू का असं तो फोन विचारतो आणि माणूस हो म्हणून टाकतो. कार्ड रीडरला लावून आधी सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घ्यावं.